क्रेनवालीची शेगडी

ती सुंदर असती तर माझं काम सोपं झालं असतं. सुंदर बाईचा हेवा राजरोस करता येतो, चार जणी आपल्या बाजूने उभ्याही राहतात. पण घार दिसायला अगदी बेताची. उंची तेवढी ताडमाड, माझ्या नवऱ्यापेक्षा वीतभर जास्त. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, केस आखूड, तळहात गड्यासारखे खरखरीत. असल्या बाईवर जळायचं म्हणजे आपलीच आपल्याला लाज वाटते. तरी मी तेरा वर्षं जळले. आज तिच्याबद्दल सांगायला बसलेच आहे तर आधीच कबूल करते, मी निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही.

घार हे तिचं कारखान्यातलं नाव. कारखाना पाण्याच्या पोलादी टाक्यांचा. एकेक टाकी आमच्या दोन खोल्यांपेक्षा मोठी. त्या उचलायला छपराखाली रुळांवरून चालणारी क्रेन आहे, आणि क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ही बसते. सकाळी आठला बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून वर गेली की जेवणाच्या सुट्टीलाच खाली येते. मधे उतरावं लागू नये म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. काही सामान हवं असलं की दोरीला बांधलेला डबा खाली सोडते. वर बसून सगळ्यांचं सगळं बघते, म्हणून घार.

आधी ती तिथेच सामानाच्या खोलीत नट-बोल्ट काढून द्यायची. जुना क्रेनवाला निवृत्त झाला तेव्हा वर चढायला एकही पुरुष तयार होईना. उंचीची भीती वाटते असं कोण सांगणार? एकाएकी कुणाचा गुडघा दुखायला लागला, कुणाची कंबर धरली. हिने चपला शिडीखाली काढून ठेवल्या आणि अनवाणी चढून गेली. तेव्हापासून क्रेन तिची. लग्न केलं नाही. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. कुणी लग्नाचा विषय काढलाच तर म्हणते, "ज्याला विचारायचंय त्याने वर येऊन विचारावं." अजून तरी कुणी चढलेलं नाही.

आणि खाली माझा नवरा. टाकीला साखळ्या अडकवायच्या आणि हाताच्या खुणांनी घारीला सांगायचं, ही त्याची नोकरी. हातोड्यांच्या आणि यंत्रांच्या आवाजात तोंडाने बोलून काही उपयोग नाही. तर्जनी वर धरून गोल फिरवली की उचल. खाली धरून फिरवली की सोड. त्या हातावर दुसरा तळवा धरला की हळू. दोन्ही हात पोटापुढे गुंफले की आहे तसं राहू दे. आडवे पसरून हलवले की ताबडतोब थांब. दिवसभर असे हातवारे करतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात, बँडमास्तरमधला मास्तर.

हाच माणूस घरी आला की त्याच्या कानाशी तीनदा ओरडावं लागतं. "अहो, दूध उतू जातंय" म्हटलं तर दूध सांडून गॅस विझल्यावर मान वर करतो. आणि तिथे ती शंभर पावलांवरून, धुरातून, धुळीतून, याचं एक बोट हललेलं ओळखते. शिवाय मी एकोणीस वर्षं 'अहो' म्हणते आणि ती बिनदिक्कत 'अरे मास्तर' म्हणते. सांगा, कुणाचं पित्त खवळणार नाही?

मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. कपडा हातात आला की आधी कॉलर, मग बाही, मग खिसा बघायचा आणि डाग कशाचा ते चिठ्ठीवर लिहायचं. या कामात मी पटाईत आहे. लोकांच्या घरात काय चाललंय ते मला त्यांच्या कपड्यांवरून कळतं, आणि मी तोंड बंद ठेवते. तर तेरा वर्षं मी नवऱ्याचे शर्टही तसेच बघितले. ग्रीस, गंज, घाम. बाकी कधीही काही सापडलं नाही. डाग असता तर काढला असता, माझा धंदाच तो. काहीच नव्हतं म्हणून तर काही करता येईना.

आता शेगडीकडे येते.

वर्षातून एकदा क्रेनची तपासणी असते. बाहेरून माणसं येतात, क्रेनला वजनं टांगून बघतात, आणि दोन दिवस तो सगळा विभाग बंद राहतो. मग हे लोक घरच्यांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकायला जातात. एका टेम्पोत सामान, दुसऱ्यात माणसं. आम्ही साधारण चौदा जण असायचो, फोरमन आणि त्याची बायको धरून. सासूबाई सत्तरीच्या, पण त्यांना न्यायला विसरलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागे.

तिथला स्वयंपाक घारीच्या शेगडीवर. ही शेगडी तिने भंगारातून स्वतः बनवलेली. तीन घडीचे पाय, वरती एकत्र येणारे. मधोमध कप्पी, कप्पीवरून बारीक साखळी, साखळीला टांगलेली मोठी गोल जाळी. खाली कोळशाचं घमेलं. एका पायाला हँडल. ते फिरवलं की जाळी वर जाते, उलटं फिरवलं की खाली येते, आणि सोडलं तर आहे तिथेच अडकून राहते. सगळं मोडून ताडपत्रीच्या पिशवीत मावतं आणि पिशवी खांद्याला लावून ती चालू लागते. साध्या शेगडीला तिने क्रेन करून टाकलं होतं. याला म्हणतात जित्याची खोड.

आणि मग काय विचारता! ती हँडलपाशी, हा समोर लांब चिमटा घेऊन. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत दोघं गप्प. मग जाळीवर कणसं, बटाटे, कांदे, कोंबडीच्या तंगड्या. आणि याचं बोट हलायला लागे. कोंबडीची चरबी कोळशावर पडून जाळ भडकला की बोट वर, आणि त्याच क्षणी जाळी वर. जाळ बसला की बोट खाली. बटाट्याला ऊब हवी म्हणून पोटापुढे हात गुंफून उभा राहिला की तीही हँडल सोडून हात गुंफून उभी. तासभर एक शब्द नाही. चौदा माणसांचं जेवण, एक कणीस करपायचं नाही. घरी हा माणूस चहाचं आधण ठेवत नाही.

लोक वाहवा करत खायचे. मीही खायचे. चव चांगलीच असे, तिथे खोटं का बोलू? प्रत्येक घास घशाखाली ढकलावा लागे एवढंच.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी पहिल्याच दुपारी तळ्याकाठी कणसं सोलत बसलो होतो. फोरमनची बायको म्हणाली, "मग, तयारी झाली का तुमची?"

"कसली?"

"अगं बाई, म्हणजे मास्तरांनी सांगितलं नाही? नव्या कारखान्यात पाठवतायत ना दोघांना. घारीला आणि त्यांना. दोन वर्षांसाठी. ऐंशी टनांची क्रेन आहे म्हणे तिथे. तिने तर साहेबांना स्पष्टच सांगितलं, खाली मास्तर असेल तर येते. सोमवारी उत्तर द्यायचंय त्यांना."

नवा कारखाना दोन दिवसांच्या वाटेवर. मी हातातलं कणीस सोलत राहिले. दाणे निघायला लागले तरी सोलत राहिले. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने विषय बदलून तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं.

नवऱ्याला तिथेच गाठून विचारायला हवं होतं. पण मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच घुसलं, की आज त्या शेगडीपाशी मी उभी राहणार. तेरा वर्षं बघतेय, खुणा काय मला येत नाहीत? वर, खाली, राहू दे. त्यात काय शास्त्र आहे?

चार वाजता कोळसे तयार झाले. वारं गार होतं म्हणून सासूबाई शाल पांघरून शेगडीजवळच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पुढे झाले आणि नवऱ्याच्या हातातून चिमटा घेतला. "आज मी बघते. तुम्ही बसा जरा आईंपाशी."

तो बाजूला झाला. मी जाळीवर कोंबडी मांडली, ऐटीत उभी राहिले आणि तर्जनी खाली धरून गोल फिरवली.

जाळी हलली नाही.

मी पुन्हा फिरवली. घार माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे बघत होती, नवऱ्याकडे. त्याने मागे काय केलं ते मला दिसलं नाही, पण जाळी आली खाली.

"अहो, मी खूण केली ना तुम्हाला?" मी घारीला म्हणाले. आवाज चढला होता. सगळ्यांच्या माना वळल्या.

घारीने चष्मा वर सरकवला. रागाने नाही, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "वहिनी, खूण एकाचीच घ्यायची असते. दोघांची घेतली तर माल कुणाच्या तरी डोक्यावर येतो."

"ही कोंबडी आहे. टाकी नाही."

"सवय हो," ती म्हणाली. "हात ऐकत नाहीत."

सासूबाई फस्सकन हसल्या. "अगं, पोरीचं बरोबर आहे. एका घरात दोन सासवा कशाला?"

मग सगळेच हसले. नवराही हसला. त्याचं हसणं मला सर्वांत जास्त झोंबलं. मी चिमटा त्याच्या हातात कोंबला, कणसं धुतलेल्या पाण्याचं पातेलं उचललं आणि तरातरा जाऊन ते पाणी भिरकावलं. कुठे, ते पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहिलं. शेगडीच्याच बाजूला भिरकावलं. घारीच्या पायांवर उडावं असं मनात होतं. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, अलीकडेच वाळूत मुरलं.

मी नवऱ्याच्या मागे लांब जाऊन एका दगडावर फुगून बसले. दोघांचं सुरू झालं. बोट वर, बोट खाली. जाळीवर आता दुसरी खेप होती, आणि मधोमध फोरमनने आणलेला बिडाचा जाड तवा मासे तळायला ठेवलेला. वजन बरंच झालं होतं. चरबी पेटली, जाळ उसळला. नवऱ्याने बोट वर केलं. घारीने हँडल फिरवायला घेतलं.

आणि मला दिसलं की शेगडीचा एक पाय खाली जातोय. ज्या वाळूत माझं पाणी मुरलं होतं तिथला. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला तो बोटभर रुतत होता आणि अख्खी शेगडी सासूबाईंच्या खुर्चीकडे कलत होती. त्या दोघांना दिसणं शक्यच नव्हतं. ती याच्या हाताकडे बघत होती आणि हा जाळीकडे. सासूबाई शालीत डोळे मिटून बसलेल्या.

मी ओरडले नाही. आजही मला कळत नाही का नाही ओरडले. मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरून, तळवे जमिनीकडे करून, जोरजोरात हलवले.

घारीचे हात जागच्या जागी थांबले. अर्ध्या फेऱ्यात. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. हँडल सोडून दिलं. तवा हिंदकळला. नवऱ्याने मान वळवून मला पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि झेप घेऊन हातमोजा घातलेल्या हाताने तो पाय धरला. फोरमनने सासूबाईंना खुर्चीसकट मागे ओढलं. चार निखारे वाळूवर पडले, आधी खुर्ची होती नेमके त्याच जागी.

पायाखाली चपटा दगड सारून शेगडी पुन्हा उभी केली. एक मासा गेला, बाकी सगळं वाचलं. सासूबाई तर गावभर सांगायला मोकळ्या झाल्या. "सून माझी रुसून बसली तरी लक्ष माझ्यावरच असतं हो!" फोरमनची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ते पाणी कुणी ओतलं हे कुणीही विचारलं नाही. मी आजवर कुणाला सांगितलेलंही नाही.

जेवताना घार माझ्याशेजारी येऊन बसली. पहिल्यांदाच. ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "छान खूण केलीत वहिनी. अगदी पुस्तकातल्यासारखी."

"एकाचीच घेता ना तुम्ही? मग माझी कशी घेतली?"

"थांबायची खूण कुणाचीही घ्यायची असते. साहेबाची, झाडूवाल्याची, वाटेवरच्या माणसाची. लगेच थांबायचं. कारण विचारायचं नाही." तिने बटाट्याची साल काढली. मग म्हणाली, "मास्तरने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही."

"नाही."

"तो नाही सांगायचा. त्याला तोंडाने बोलायला जमत नाही."

माझ्या नवऱ्याला काय जमतं नि काय नाही हे मला ही सांगणार! मी म्हणाले, "त्यांना जायचंय का?"

"त्याला विचारा."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने बटाटा बोटांनी फोडला. "ऐंशी टनांचा माल दोरीएवढ्या फटीतून काढायचा आहे तिथे, वहिनी. तसा हात मी दुसरा पाहिला नाही. पण त्याचं घर तुम्ही. मी फक्त माझ्या कामाचं सांगते." आणि आपलं ताट धुवायला निघून गेली. अनवाणी, लांब लांब ढांगा टाकत.

तिला खोटं बोलता आलं असतं. हट्ट धरता आला असता, डोळ्यांत पाणी आणता आलं असतं. मग मला तिला नावं ठेवता आली असती.

रविवारी संध्याकाळी घरी आलो. सासूबाई दुसऱ्या खोलीत पडल्या होत्या. मी कपड्यांना लागलेला धुराचा वास घालवायला ते बाल्कनीत वाळत टाकत होते. नवरा दारात उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. दाराच्या कडीशी खेळला.

"सोमवारी... म्हणजे उद्या... मला साहेबांना एक सांगायचंय," तो म्हणाला. "मोठी क्रेन आहे. तू म्हणशील तसं. पण मला वाटतं की—"

त्याचा चेहरा मी पाहिला. एकोणीस वर्षांत तो चेहरा मी घरात पाहिला नव्हता. तळ्याकाठी, कोळशांच्या उजेडात तेवढा पाहिला होता. पुढे तो काय म्हणणार होता ते मला नीट ठाऊक होतं.

मी हातातला शर्ट खाली टाकला. दोन्ही हात आडवे पसरले, तळवे खाली केले आणि हलवले.

तो थांबला. वाक्याच्या मधेच. मान डोलावली. शर्ट उचलून माझ्या हातात दिला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांना नाही म्हणून आला. का थांबवलंस, असं त्याने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. क्रेनवाल्यांच्यात ते विचारायची पद्धतच नसते. तळ्याकाठी मी सासूबाईंवर निखारे पडायचे थांबवले होते. त्या संध्याकाळी मी काय थांबवलं ते मला माहीत आहे. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, निदान मी माझी बाजू मांडली असती.

घार एकटी गेली. जायच्या आदल्या दिवशी ताडपत्रीची पिशवी आमच्या दाराशी ठेवून गेली. आत निरोप नव्हता, फक्त साखळीला नवं तेल लावलेलं होतं. मी ती पिशवी पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत ढकलून दिली.

पुढच्या तपासणीच्या वेळी फोरमनने फोनवर आठवण करून दिली, "शेगडी आणायला विसरू नका." आणली. नवऱ्याने ती लावली, तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवले. कोळशावर राख धरली. हँडलपाशी कोण, असा प्रश्नच नव्हता. मी उभी राहिले. पदर खोचला, हँडल धरलं. जे हवं होतं ते मिळालं होतं मला. समोर माझा नवरा, मधे धूर, आणि दुसरं कुणी नाही.

त्याने खूण केली, मी फिरवलं. पहिली दोन कणसं करपली. त्याने नुसता दुसरा तळवा बोटावर धरला. हळू. तिला ही खूण केलेली मी तळ्याकाठी कधी पाहिली नव्हती. पुढची खेप बरी झाली. सासूबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. लोकांनी पोटभर खाल्लं.

दरवर्षी मीच असते आता हँडलपाशी. हात बसलाय. काही करपत नाही. पण प्रत्येक खुणेआधी तो मान वर करतो आणि त्याची नजर आधी माझ्या डोक्याच्या वीतभर वर जाते, जिथे तिचा चेहरा असायचा. तिथे काहीच नसतं. मग ती खाली येते, माझ्यापर्यंत. तेवढा वेळ मी हँडल घट्ट धरून वाट बघते.